युरोपच्या शेतीचा टक्का तीस वर्षं हलला नाही आणि आपला निम्मा झाला, मग हुशार कोण?

चोपड्याकडचा एक बीएस्सी ॲग्रीचा मुलगा आहे, सेमिनारला ग्रीनहाऊस गॅसचा विषय घेतलाय, त्याने दोन चार्ट पाठवले आणि खाली विचारलं, "सर, १९९० ला युरोपच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा १० टक्के होता, आज ११ च्या आसपास आहे, म्हणजे एवढ्या वर्षांत त्यांनी काहीच केलं नाही का? आणि आपल्या देशात १९९४ ला २८ टक्के होता तो २०२० ला १४ वर आला, मग आपले शेतकरी त्यांच्यापेक्षा भारी ना?" प्रश्न दोन ओळींचा आहे पण उत्तर लांबणार, चहा घेऊनच बस भाऊ.

पहिलंच सांगून टाकतो, तू काढलेला अर्थ बरोब्बर उलटा आहे. युरोपातल्या शेतीचा गॅस खरंच कमी झालाय, जवळजवळ पाव हिस्सा, आणि आपला वाढलाय. तरी त्यांचा टक्का जागच्या जागी आणि आपला निम्म्यावर. सातवीतलं अंश-छेद आठव. वर शेती आहे, खाली सगळा देश आहे, म्हणजे कोळसा, सिमेंट, स्टील, गाड्या, रिफायनऱ्या, सगळं आलं. खालचं फुगलं की वरच्याने काहीही न करता टक्का पडतो, खालचं आटलं की वरच्याने कितीही काटकसर केली तरी टक्का हलत नाही.

आकडेच बघ ना. युरोपियन युनियनचे आजचे २७ देश धरले तर १९९० ला सगळे गॅस कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून एकूण ४८०-४९० कोटी टन होतं, त्यात शेतीचं ४८ कोटीच्या आसपास. २०२२ ला एकूण आलं ३४०-३५० कोटींवर आणि शेतीचं ३६-३७ कोटींवर. दोघंही उतरले, जवळपास एकाच चालीने उतरले, उलट एकूणच जरा जास्त उतरलं, म्हणून टक्का १० चा साडेदहा-अकरा झाला. आता आपलं बघ. १९९४ ला एकूण १२२.८ कोटी टन, शेती ३४.४ कोटी. २००० ला एकूण १५२ कोटी, शेती साडेपस्तीस. २०१६ ला एकूण २८४ कोटी, शेती ४०.८. आणि २०२० ला एकूण २९६ कोटी, शेती १३.७२ टक्के म्हणजे ४०.६ कोटी. म्हणजे सव्वीस वर्षांत शेतीचा गॅस १८ टक्क्यांनी वाढला आणि वाटा २८ वरून १४ वर आला. वाटा शेतकऱ्याने कमी केला नाही रे, वीज केंद्रांनी आणि कारखान्यांनी कमी करून दाखवला. (मधे मोजायची पद्धत सुधारलीय, त्यामुळे दशांशावर भांडत बसू नको, दिशा मात्र पक्की आहे.)

हे आपल्या इथे आणून बघ म्हणजे डोक्यात बसेल. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, ५००-५०० मेगावॉटचे दोन संच, वर बाकीचं वेगळं. त्यातला एक संच फुल लोडवर एक तास चालला की साधारण साडेचारशे-पाचशे टन कार्बन डायऑक्साइड चिमणीतून गेला. आपल्या एका दुभत्या गाईचा वर्षाचा मिथेन त्याच मापात आणला तर दीडेक टन भरतो, म्हणजे संचाचा एक तास बरोबर तीनेकशे गाईंचं वर्ष. आता कोणी जळगाव जिल्ह्याचा शेतीचा टक्का काढला तर तो छोटाच दिसणार, आणि नंदुरबारचा काढला तर मोठा दिसणार, कारण तिथे असं केंद्र नाही. मग काय रावेरचा केळीवाला अक्कलकुव्याच्या भगर-नागलीवाल्यापेक्षा जास्त पर्यावरणवादी झाला का? एकरी युरिया कोण किती टाकतं ते आपल्याला माहीत आहे.

युरोपात पण हेच आहे. आयर्लंडमध्ये शेतीचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास आहे, जर्मनीत ८ च्या आसपास. आयरिश शेतकरी काही पाचपट वाईट नाही, तिथे लोकसंख्या कमी, जड उद्योग कमी, आणि हिरवं गवत अन् गाई भरपूर. जर्मनीत कोळसा, केमिकल, गाड्या, त्याखाली शेती झाकली जाते. म्हणून मी तर म्हणतो की टक्का हा शेतीबद्दल कमी आणि शेजाऱ्याबद्दल जास्त बोलतो. २०२० चं वर्ष तुझ्या चार्टमध्ये बारकाईने बघ, शेतीच्या टक्क्याला तिथे छोटंसं टेंगूळ आलेलं दिसेल. त्या वर्षी लॉकडाऊनमुळे विमानं, गाड्या, कारखाने बंद पडले, एकूण धाडकन उतरलं, पण गाईला काय लॉकडाऊन, ती सकाळ-संध्याकाळ चरतेय आणि ढेकर देतेय. शेतीचा आकडा जागेवर, टक्का वर. कोणी ते टेंगूळ दाखवून "कोविडमध्ये शेतीचं प्रदूषण वाढलं" असं म्हणालं तर हसायचं आणि पुढे जायचं.

मग युरोपने तो पाव हिस्सा कमी केला कसा? इथे लोकांना वाटतं की काहीतरी भारी टेक्नॉलॉजी आणली असेल. खरं सांगू का, त्यातला मोठा भाग कोणी ठरवून केलेलाच नाही. १९८९-९१ मध्ये पूर्व युरोपातली समाजवादी व्यवस्था कोसळली, सरकारी आणि सामूहिक शेतं मोडली, स्वस्तातलं खाद्य आणि खत बंद झालं, सोव्हिएतचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं, आणि लोकांनी जनावरं कापली किंवा विकली. लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया, बल्गेरिया या देशांत शेतीचं उत्सर्जन दहा वर्षांत निम्म्याहून खाली आलं. ते यश नव्हतं, ती पडझड होती, गावंच्या गावं रिकामी झाली. पण चार्टमध्ये ती रेघ छान उतरती दिसते, आणि बेस इयर, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करतात ते, नेमकं १९९० असल्यामुळे त्या पडझडीचं पूर्ण क्रेडिट आजपर्यंत खात्यावर जमा आहे. मला या धंद्यात वीसेक वर्षं झाली, दूध संघ, केळीचे निर्यातदार, ठिबकवाले, अशांचे कार्बनचे हिशेब करून देतो, आणि एक सवय लागलीय, कोणी कपात दाखवली की आधी विचारायचं बेस इयर कोणतं आणि त्या वर्षी तिथे काय चाललं होतं. दुष्काळाच्या वर्षाशी तुलना करून "आमचं उत्पादन दुप्पट" म्हणणारे आपल्याकडे कमी आहेत का?

पश्चिमेकडे मात्र काही गोष्टी धोरणाने झाल्या. १९८४ ला त्यांनी दुधाचा कोटा आणला, देशाने आणि शेतकऱ्याने किती दूध घालायचं ते बांधून दिलं, त्याच्यावर घातलं तर दंड. आता कोटा ठरलेला आणि गाय दरवर्षी थोडं जास्त दूध द्यायला लागलेली, मग तेवढ्याच दुधाला गाई कमी लागणार, कळप लहान होत गेला. मिथेन कमी झाला तो या हिशेबातून, हवामानासाठी कोणी काही केलं म्हणून नाही, १९८४ ला ग्लोबल वॉर्मिंगचं नाव तरी कोण घेत होतं. १९९१ ला नायट्रेट डायरेक्टिव्ह नावाचा युरोपियन कायदा आला, तो विहिरी-नद्यांच्या पाण्यात नायट्रेट उतरतं म्हणून, त्यात संवेदनशील भागांत शेणखतातून हेक्टरी १७० किलो नत्राची मर्यादा घातली. त्याने जमिनीतल्या नत्रातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड गॅस पण कमी झाला, फुकटात. नंतर २०१५ ला एप्रिलमध्ये कोटा उठला आणि आयर्लंडने लगेच गाई वाढवल्या, अकरा-बारा लाखांवरून पंधरा लाखांच्या पुढे गेल्या. म्हणजे कोटा काय काम करत होता ते उठल्यावर कळलं.

२००५-१० पासून पुढे तुझ्या चार्टमधली युरोपच्या शेतीची रेघ जवळजवळ आडवी आहे बघ. विजेत कोळसा काढून पवनचक्की बसवता येते, गाईच्या पोटात काय बसवणार? युरोपच्या शेतीतल्या उत्सर्जनाचा साधारण निम्मा भाग नुसता रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला मिथेन आहे, ३० टक्क्यांच्या आसपास जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड, आणि १५-१७ टक्के शेण-मूत साठवण्यातून. बाकी चुना, युरिया, थोडासा इटली-स्पेनचा भात, हे किरकोळ.

पोटातलं समजून घे. गाईच्या मोठ्या कोठीपोटात अब्जावधी जंतू चारा कुजवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, तो साचला तर कुजणंच थांबेल, म्हणून तिथले मिथेन करणारे जंतू तो हायड्रोजन घेऊन त्याचा मिथेन करतात आणि गाय तो तोंडावाटे बाहेर टाकते. तोंडावाटे, बरं का, मागून नाही, मागून अगदी थोडा. लोक हसतात म्हणून सांगतोय. मी एकदा पारोळ्याकडे एका गोठ्यावर हा हिशेब लिहीत बसलो होतो, तर खाटेवरचे आजोबा म्हणाले, "गाय ढेकर देस त्याना बी हिशोब मांडतस का तुम्हीन?" म्हटलं हो बाबा, तोच मांडतो. त्यावर म्हणाले, "मंग मना बी मांडी ल्या." आता याला काय उत्तर द्यायचं!

आता इथे एक आकडा देतो जो सेमिनारला नक्की वापर. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत ढोबळ आकडे दिलेत, पश्चिम युरोपची दुभती गाय वर्षाला ११७ किलो मिथेन, भारतीय उपखंडातली दुभती गाय ५८ किलो, आपली म्हैस ५५. म्हणजे आपली गाय निम्म्यावर. पण त्याच तक्त्यात दूध पण धरलंय, तिकडे वर्षाला ६००० किलो, इकडे ९००. भाग दे. तिकडे किलो दुधामागे साडेएकोणीस ग्रॅम मिथेन, इकडे चौसष्ट. गाईमागे ते दुप्पट, दुधामागे आपण तिप्पट. तिकडचं दूध तर आता सरासरी सात हजारांच्या पुढे गेलंय. आपल्या खान्देशात कपाशीच्या शेतात राहिलेल्या पाल्यावर, कडब्याच्या कुट्टीवर आणि ओंजळभर ढेपेवर जगणारी गाय ती, तिच्या पोटात जास्त वेळ कुजणारा चारा, जगण्यापुरतंच खाणं, मग दुधाच्या वाट्याला मिथेनचा बोजा जास्त येणारच.

पण इथे पण घाई करू नको. त्या गाईचा बैल पोळ्याला सजतो आणि वर्षभर औत ओढतो, तिचं शेण शेताला जातं, गोवऱ्या होतात, आणि ती खाते ते माणूस खात नाही. सगळा मिथेन दुधाच्याच नावावर टाकला तर तिच्यावर अन्याय होतो. तिकडची गाय ब्राझील-अर्जेंटिनाचं सोयाबीन खाते, आणि त्या सोयाबीनसाठी जे जंगल तुटलं ते ब्राझीलच्या खात्यात पडतं, युरोपच्या शेतीच्या खात्यात नाही. दोन्हीकडचे वकील आपापल्या सोयीचा आकडा उचलतात, मी दोन्ही बाजूंनी बसलोय म्हणून सांगतो.

शेणाचा भाग आला की मला माझीच एक फजिती सांगावी लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, यावल तालुक्यात एका दूधवाल्याकडे चाळीसेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गाई होत्या, शेण उकिरड्यावर जायचं, माश्या, वास, शेजाऱ्यांची भांडणं. मी तेव्हा युरोपातल्या गोठ्यांचे फोटो बघून भारलेलो, म्हटलं भाऊ, पाण्याने गोठा धुवा, सगळं पातळ करून सिमेंटच्या टाकीत सोडा, पंपाने शेताला द्या, एकदम क्लीन. त्याने ऐकलं, टाकी बांधली. मे महिन्यात मी गेलो, ४५ डिग्रीचं ऊन, टाकीवर साय धरलेली आणि त्या सायीखालून लाडवाएवढाले बुडबुडे फुटत होते, भट्टीवर काहीतरी रटरटतंय असं. काठावर उभं राहूनच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. कोरड्या उकिरड्यात हवा शिरते, तिथे शेणाच्या एकूण मिथेन-क्षमतेतला २ ते ५ टक्केच भाग मिथेन होतो. पातळ टाकीत हवा नाही, आणि ते प्रमाण थंड देशात १०-१२ डिग्रीला १७-२० टक्के असतं पण आपल्यासारख्या उष्ण हवेत ७५-८० पर्यंत जातं. म्हणजे डेन्मार्कच्या गारठ्यात जी टाकी चालून जाते ती मी खान्देशच्या उन्हात आणून ठेवली आणि त्या माणसाचा शेणाचा मिथेन पंधरा पटीने वाढवला, वर त्याचे पैसे पण घालवले. मग टाकीवर बायोगॅसचा फुगा चढवला, आता घरची चूल आणि गाईंचं खाद्य शिजवणं त्यावर होतं, पण दोनदा खर्च झाला, आणि तो माणूस आजही भेटला की आधी "साहेब, नवीन काही फोटो आणलेत का?" विचारतो. युरोपात सुद्धा शेण साठवण्याचा आकडा मोठा आहे तो या पातळ शेणामुळेच, म्हणून तिकडे बायोगॅसवर एवढा जोर.

नायट्रस ऑक्साइडकडे ये. हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट तापवतो आणि हवेत शंभरेक वर्षं टिकतो. युरिया टाकल्यावर नाकाला झोंबतो तो अमोनिया, हा नाही, याचा वास येत नाही, म्हणून कोणाला त्याची जाणीवच नसते. जमिनीत नत्र भरपूर, वरून मोकाट पाणी दिलं, काळी माती फुगून हवा कोंडली, की पुढचे दोन-चार दिवस जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि हा गॅस सुटतो. आयपीसीसीचा ढोबळ नियम म्हणजे टाकलेल्या नत्राचा १ टक्का नत्र या रूपात उडतो. युरियाची ४५ किलोची गोणी घे, ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र, त्याचा एक टक्का २०७ ग्रॅम, त्याला ४४ ने गुणून २८ ने भागलं की सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, गुणिले २६५, झालं ८६ किलो कार्बन डायऑक्साइडएवढं. शिवाय युरियात जो कार्बन असतो तो मातीत फुटून बाहेर पडतो तो ३३ किलो. म्हणजे गोणीमागे १२० किलोच्या घरात, आणि कारखान्यात युरिया करताना जे जळलं ते वेगळं, ते शेतीत धरतच नाहीत.

आता केळी. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४४४४ झाडं, झाडाला शिफारस २०० ग्रॅम नत्राच्या आसपास, म्हणजे हेक्टरी ८९० किलो नत्र झालं. वरच्याच गणिताने १४ किलो नायट्रस ऑक्साइड, ३.७ टन. आणि युरोपच्या त्या ११७ किलोवाल्या गाईचा मिथेन २८ ने गुणला (मिथेन त्याच हिशेबात २८ पट तापवतो) तर ३.३ टन. म्हणजे आपली एक हेक्टर केळीबाग म्हणजे एक युरोपियन गाय समज, वर थोडं. हे मी रावेरला एका बैठकीत सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, "मग दूध पण द्यायला पाहिजे तिने." पण गंमत बाजूला, याच केळीत ठिबकमधून नत्र आठवड्याला चमचा-चमचा दिलं तर मातीत एकदम साठा होत नाही, पाणी पण साचत नाही, आणि उडणारा भाग कमी होतो. जळगावने ठिबक घेतलं ते पाण्यासाठी आणि घडाच्या वजनासाठी, गॅस आपोआप वाचला. पण इथे एक दुखरी गोष्ट आहे. आपण असे हिशेब करतो तेव्हा बहुतेक वेळा आयपीसीसीचा तोच तयार, सरसकट एक टक्का लावतो, याला टियर १ म्हणतात. ठिबकवाल्याला आणि पाट सोडणाऱ्याला एकच टक्का. ठिबकवाल्याने खताच्या गोण्या कमी केल्या तर कागदावर दिसेल, पण तेवढ्याच गोण्या नीट विभागून दिल्या तर कागदावर शून्य फरक. युरोपातल्या बऱ्याच देशांनी गाईंसाठी स्वतःचे मोजलेले आकडे म्हणजे टियर २ वापरायला घेतलेत, मातीच्या बाबतीत तेही बऱ्याच अंशी ढोबळच आहेत. म्हणून मातीच्या आकड्याकडे बघताना लक्षात ठेव, तो बराचसा खताच्या विक्रीचा आकडा आहे, मोजलेला गॅस नाही. मोजायचा म्हटलं तर मातीवर बंद पेटी ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची आणि लॅबमध्ये नेऊन यंत्रात टाकायची, हे हंगामभर, भर उन्हात. मी केलंय, कोणाला सुचवणार नाही.

"शेती" या शब्दात काय धरलंय ते पण बघून घे, नाहीतर सेमिनारला कोणीतरी यावरच पकडेल. ट्रॅक्टरचं डिझेल शेतीत नाही, ऊर्जेत आहे. विहिरीवरच्या मोटरची वीज ऊर्जेत. खताचा कारखाना उद्योगात. युरोपात दलदली उपसून केलेली शेती आहे, नेदरलँड्स, उत्तर जर्मनी, पोलंड, बाल्टिक, ती काळीभोर सेंद्रिय जमीन पाणी काढल्यावर हवेत कुजत राहते आणि वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड सोडते. ही जमीन एकूण शेतजमिनीत अगदी थोडी, पण गॅस प्रचंड, आणि तो कार्बन डायऑक्साइड जमीन-वापर नावाच्या वेगळ्या खात्यात जातो. म्हणजे युरोपचे ते ११ टक्के हे फक्त मिथेन, नायट्रस आणि थोडा चुना-युरिया एवढ्याचे. शेतापासून ताटापर्यंत सगळं धरलं, कोल्ड स्टोरेज, ट्रक, पॅकिंग, जंगलतोड, तर जगभरात अन्नाचा वाटा एकूणच्या एक तृतीयांशाच्या आसपास निघतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एका स्लाईडवर दोन्ही टाकून तुलना केलीस तर सर रागावतील आणि बरोबरच रागावतील.

आणखी एक, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या रिपोर्टमधले आकडे जोडून एक रेघ कधी काढायची नाही. मिथेनचा गुणक आधी २१ होता, मग २५ झाला, आता २८. नायट्रसचा ३१० होता, मग २९८, आता २६५. गाय तीच, ढेकर तोच, आकडा वेगळा. गुणक बदलला की १९९० पासूनची सगळी मालिका नव्याने मोजून छापतात, म्हणून नेहमी सगळ्यात ताज्या रिपोर्टमधली पूर्ण मालिका उचलायची. सदस्य देश पण बदलतात, जुन्या रिपोर्टमध्ये १५ देश, मग २८, आणि ब्रिटन २०२० ला बाहेर पडल्यावर २७. एका पोराने मागच्या वर्षी १५ देशांचं १९९० आणि २७ देशांचं २०२० असं एकाच चार्टमध्ये लावून "युरोपात शेतीचं उत्सर्जन जेमतेम घटलं" असा निष्कर्ष काढून आणला होता, प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून.

मिथेनवाले एक वाद पण घालतात, तो ठाऊक असू दे. मिथेन हवेत बारा-तेरा वर्षंच टिकतो, म्हणजे कळप वर्षानुवर्षं तेवढाच राहिला तर नवा जेवढा येतो तेवढाच जुना संपतो, हवेतला साठा वाढत नाही. युरोपातले पशुपालक म्हणतात आमचा कळप तर कमी झालाय, मग आमच्यामुळे तापमान वाढतंय कसं? मला यात अर्धं तथ्य वाटतं. वाढ होत नाही हे खरं, पण आधीच जे तापवून ठेवलंय ते टिकून राहतं हे पण खरं, आणि कळप आणखी घटवला तर बाकी कुठल्या उपायापेक्षा लवकर फरक दिसतो हे त्याच गणिताचं दुसरं टोक आहे. ते टोक ते सांगत नाहीत.

आता हा टक्का एवढा महत्त्वाचा का झाला, तर राजकारणामुळे. डेन्मार्क बघ. पवनचक्क्यांनी त्यांची वीज स्वच्छ होत गेली, बाकी सगळं उतरत गेलं आणि शेती तिथेच राहिली, म्हणून शेतीचा वाटा फुगत गेला आणि सगळ्यांची बोटं गोठ्याकडे वळली. २०२४ ला त्यांनी जनावरांच्या उत्सर्जनावर कर ठरवला, २०३० पासून टनाला ३०० क्रोनर (त्यांचं चलन), पण ६० टक्के सूट, म्हणजे हातातून जाणार १२०, पुढे २०३५ ला दर ७५० पर्यंत. नेदरलँड्समध्ये २०१९ ला कोर्टाने नायट्रोजन सोडणाऱ्या कामांचे परवाने अडवले आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आले, २०२४ च्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये पण तेच. न्यूझीलंडमध्ये शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे, त्यांनी २०२२ ला ढेकरांवर कर आणायचं म्हटलं आणि २०२४ ला गुंडाळलं. आपल्याकडे आज वाटा १४ टक्के आहे म्हणून कोणी विचारत नाही. पण दीपनगरसारखी केंद्रं उद्या हळूहळू बंद होत गेली, सोलर वाढत गेलं, की आपल्या शेतीचा टक्का काही न करता वर चढायला लागेल, आणि तेव्हा कोणीतरी चार्ट दाखवून म्हणेल की शेतकरी बिघडलाय. तू तोवर नोकरीला लागला असशील, हे लक्षात ठेव.

तर सेमिनारसाठी एवढं कर. टक्क्याचा चार्ट काढून टाकू नको, पण त्याच्या शेजारी कोटी टनांचा चार्ट लाव, आधी तो दाखव आणि मग टक्क्याचा. भारताचे १९९४, २०००, २०१६, २०२० हे आकडे वेगवेगळ्या रिपोर्टमधले आहेत, म्हणून त्यांचे सुटे ठिपके ठेव, रेघेने जोडू नको, आणि मधल्या वर्षांचे ठिपके अंदाजाने टाकू नको. गाईमागे आणि किलो दुधामागे असे दोन्ही आकडे एका तक्त्यात दे, त्याच्यावर नक्की प्रश्न येतील आणि तेच तुला बोलायला सोपं जाईल. केळीचं गणित फळ्यावर खडूने कर, स्लाईडवर नको, सगळे जागे होतात. आणि चार्टखाली तू "युरोप" लिहिलंयस तिथे "युरोपियन युनियन, २७ देश" असं कर, रशिया, युक्रेन, ब्रिटन, स्वित्झर्लंड, नॉर्वे यातले कोणीच त्या आकड्यात नाहीत.